अर्धा इंच वर

उद्यमबागेत दस्तगीरच्या रोलरमधून
पत्रा तिसऱ्यांदा बाहेर आला. म्हटलं, अजून.
भिंतीच्या गोलाईपेक्षा दोन बोटं जास्त वाकव.
तो म्हणाला, मापाला माप असताना जास्त कशाला?
कशाला म्हणजे, तंतोतंत वाकवला की कडा उचलतात.
जरा जास्त वाकलेला भिंतीला धरून राहतो.
पत्र्याला, काही झालं तरी,
सरळच व्हायचं असतं.

गणपत गल्लीच्या कोपऱ्यावर मंडोळकर चष्मेवाले.
भिंत गोल, कुण्या जुन्या गवंड्यानं
नजरेच्या अंदाजानं वळवलेली.
ओळंबा सोडला तर दोरी पोटाशी टेकते, पायाशी सुटते.

आमच्या धंद्यात काम दिसलं तर ते बिघडलं.
पाटीच्या पाठीला आकडे, भिंतीवर खाचांची पट्टी.
पाटी टेकवायची, अर्धा इंच वर उचलायची,
हळू खाली सोडायची.
टक्.
या आवाजासाठी सव्वीस वर्षं शिड्या वाहतोय.

अक्षरं मी वाचत नाही.
खोटं सांगतो. वाचतो.
वरची ओळ कन्नड, मोठी. खालची मराठी, बारकी.
किती मोठी नि किती बारकी, ते कागदावर ठरून येतं
आणि मोजायला आलेला साहेब
माझाच टेप मागून घेतो, त्याचा ऑफिसात राहिलेला असतो.

मागली पाटीही माझीच होती.
एका रात्री काही पोरं आलेली. कुठल्या बाजूची,
ते मंडोळकरांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
पेचकस होता म्हणे, पान्हाही होता,
पण फिरवायला स्क्रूच सापडेना.
अंधारात पत्र्यावर हात फिरवत राहिली,
आणि जाताना एक ओरखडा ठेवून गेली, 'ळ'च्या पोटावर.
ळ दोन्ही ओळींत आहे.
कुठल्या ळच्या, ते मी सांगणार नाही.

आज सकाळी ती उतरवली.
दोन्ही तळवे खालून, अर्धा इंच वर,
आणि ती आली,
झोपलेलं पोर खांद्यावर येतं तशी.

मागं भिंत.
आठ भोकं माझी. शेजारी सहा, लाकडी खुंट्या मारलेली.
एक गंजका गज. पालीची दोन अंडी.
आणि त्या सगळ्याखाली, पोपडा धरलेल्या निळ्या रंगात
ब्रशनं काढलेला चष्मा.
नुसता चष्मा. अक्षर एकही नाही.

मंडोळकर रस्त्यावर आले, मान वर करून
बराच वेळ उभे राहिले. मागं एक रिक्षा हॉर्न देत होती.
"आज्जाच्या वेळचा," म्हणाले.
"त्याला लिहायला येत नव्हतं. वाचणारं गिऱ्हाईक तरी कुठलं?"

सोमनिंग शिडीवर, ड्रिल हातात,
टोक नेमकं डाव्या काचेच्या मधोमध.
"दोन इंच बाजूला घे," मी खालून.
"माप चुकालंय की ओ."
"चुकू दे. खाच लांबट ठेवलीय.
उन्हात पत्रा वाढतो, भिंत वाढत नाही,
म्हणून जागा सोडावीच लागते."
"मग ह्यो चष्मा झाकायचाच की नाही?"
"झाकायचा. भोक नाही पाडायचं."

पाली कुठं गेल्या कोण जाणे.
अंडी त्यानं कागदात घेऊन वळचणीला ठेवली,
पट्टी मारली, गिट्टी विटेपर्यंत खोल.
मग दोघांनी पाटी धरली. वर. खाली.
टक्.

दुपारी बिल दिलं.
मंडोळकरांनी चष्मा कपाळावर सरकवला,
पाटीकडं पाहिलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत,
मग बोट 'फिटिंग सामान' या ओळीवर ठेवलं:
"स्क्रू तर एकबी दिसंना रे. ह्ये पैसे कसले?"